शब्दचर्चा : ‘विनाशिका’ म्हणजे नेमकी कोणती नौका?

प्रश्न

अमेरिका, चीन आणि रशिया यांच्या नौदलांची तुलना करणाऱ्या मराठी लेखांत ‘अमक्याकडे इतक्या विनाशिका, तमक्याकडे तितक्या’ असे तक्ते नेहमी दिसतात. परंतु चीनचे ०५५ वर्गाचे एकच जहाज एका लेखात विनाशिका, तर दुसऱ्यात क्रूझर (सहसा विनाशिकेहून मोठी मानली जाणारी युद्धनौका) म्हणून नोंदलेले आढळले. ‘विनाशिका’ या शब्दाची काही पक्की व्याख्या आहे का? आणि तिला ‘युद्धनौका’ म्हटले तर चूक होते का?

प्रतिसाद

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे, म्हणून ते आधी देतो. युद्धनौका हे सर्वसमावेशक नाव आहे; विमानवाहू नौकेपासून छोट्या कॉर्व्हेटपर्यंत लढण्यासाठी बांधलेले कोणतेही जहाज त्यात बसते. दुसऱ्या महायुद्धाच्या वर्णनांत मात्र जाड चिलखताच्या आणि अवजड तोफांच्या ‘बॅटलशिप’ या विशिष्ट वर्गालाही मराठीत युद्धनौकाच म्हटले जाते आणि तेथे वाचकाची फसगत होते. त्या वर्गातील अमेरिकेचे शेवटचे जहाज, ‘मिसुरी’, १९९२ साली सेवेतून निवृत्त झाले, त्यामुळे आजच्या बातम्यांत हा घोटाळा फारसा उद्भवत नाही.

विनाशिकेची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाणतीर, म्हणजे टॉर्पेडो, सोडणाऱ्या छोट्या आणि वेगवान बोटी आल्या आणि मोठमोठ्या जहाजांना त्यांचे भय वाटू लागले. या बोटींचा पाठलाग करून त्यांना बुडवण्यासाठी जे जहाज बांधले गेले त्याचे इंग्रजी नाव ‘टॉर्पेडो बोट डिस्ट्रॉयर’ असे होते. ब्रिटनचे १८९३ सालचे ‘हॅवक’ हे त्याचे आरंभीचे उदाहरण असून ते जेमतेम अडीचशे टनांच्या आसपासचे होते. पुढे इंग्रजीत नावाचा पूर्वार्ध गळाला. मराठीने उरलेला शब्द घेऊन त्याला नौकेचे स्त्रीलिंग दिले. विनाश कशाचा, हे सांगणारे पद आपल्याकडे येण्यापूर्वीच नाहीसे झाले होते.

इतर भाषांनी हा अर्थ निरनिराळ्या बाजूंनी पकडला आहे. चिनी शब्दाचा अर्थ ‘हुसकावून लावणारी नौका’ असा होतो. जपानीत पूर्वी हाच शब्द होता, पण महायुद्धानंतरच्या जपानने तो टाकून ‘रक्षक नौका’ अशा अर्थाचा शब्द स्वीकारला, कारण युद्धाचा त्याग करणाऱ्या त्यांच्या राज्यघटनेच्या चौकटीत विनाशाची भाषा बसणारी नव्हती. सर्वांत गमतीचा शब्द रशियन आहे. त्यांच्या ‘एस्मिनेत्स’ या संक्षेपाचे मूळ रूप ‘आरमारी ताफ्यातील पाणतीरवाहक’ असे आहे. म्हणजे इंग्रजी नाव ज्या पाणतीर-बोटीच्या विनाशासाठी जन्मले, तिचेच नाव रशियनांनी या जहाजाला दिले.

प्रतिसाद

व्युत्पत्तीबद्दल वरील विवेचन पटते. पण प्रश्नकर्त्याची अडचण तक्त्यांची आहे आणि तिचे मूळ व्युत्पत्तीत नाही. जहाजाचा वर्ग कोणता, हे ते बांधणारे नौदल स्वतः ठरवते. त्यावर कोणत्याही आंतरराष्ट्रीय संस्थेचा शिक्का नसतो आणि ठरवताना राजकारणाचाही विचार होतो.

अमेरिकेचेच पाहा. १९७५पर्यंत तेथे ‘फ्रिगेट’ म्हणजे विनाशिकेहून मोठे जहाज, तर बाकीच्या जगात विनाशिकेहून लहान. सोव्हिएत नौदलाकडे क्रूझर जास्त आहेत अशी ओरड सुरू झाल्यावर ३० जून १९७५ रोजी अमेरिकेने आपल्या बहुतेक मोठ्या फ्रिगेटांना क्रूझर म्हणून घोषित केले आणि एकही नवे जहाज पाण्यात न उतरवता कागदावरची तूट भरून निघाली. ‘टिकॉन्डरोगा’ या अमेरिकी जहाजाची मागणी विनाशिका म्हणून नोंदवली गेली होती, तिचा सांगाडाही स्प्रुअन्स वर्गाच्या विनाशिकेचाच होता, पण पाण्यात उतरण्यापूर्वीच तिचे वर्गीकरण क्रूझर असे बदलले.

०५५ची कथा याच्या उलट आहे. चीन तिला विनाशिका म्हणतो, अमेरिकेचे संरक्षण खाते क्रूझर म्हणते. तिच्यावर क्षेपणास्त्रे डागण्याच्या ११२ उभ्या नळ्या आहेत. अमेरिकेच्या आर्ले बर्क वर्गाच्या विनाशिकांवर ९० किंवा ९६, तर चीनच्याच ०५२डी विनाशिकेवर ६४. तेव्हा चिनी विनाशिकांची एकच बेरीज करणारा तक्ता ११२ नळ्यांचे आणि ६४ नळ्यांचे जहाज एकाच मापाने मोजतो.

फ्रान्स आपल्या मोठ्या जहाजांनाही फ्रिगेट म्हणतो, मात्र ‘फोर्बें’ आणि ‘अकितेन’ यांच्या कडेवर क्रमांकाआधी विनाशिकेचे ‘डी’ हेच अक्षर रंगवतो. जपानची २४८ मीटर लांबीची ‘इझुमो’ सपाट धावपट्टीची असून २०२१ साली तिच्यावर एफ-३५बी हे लढाऊ विमान उतरले, तरी कागदोपत्री ती रक्षक नौकाच आहे. रशियाचे ‘ॲडमिरल गोर्शकोव्ह’ हे सुमारे साडेपाच हजार टनांचे फ्रिगेट. पण झिरकॉन हे हायपरसॉनिक, म्हणजे ध्वनीच्या पाचपटीहून वेगवान, क्षेपणास्त्र घेऊन जानेवारी २०२३मध्ये तेच मोहिमेवर निघाले. नुसत्या ‘फ्रिगेट’ या शब्दावरून त्याच्या माऱ्याचा अंदाज कोणालाही येणार नाही.

प्रतिसाद

फ्रिगेटसाठी मराठी शब्द हवा असेल तर कान्होजी आंग्र्यांच्या आरमारातील ‘गुराब’ का घेऊ नये? गलबताहून मोठी आणि तोफा वाहणारी, असा तिचा अर्थ ठरलेलाच आहे.

प्रतिसाद

सूचना मोहक आहे, तरी मी ती स्वीकारणार नाही. गुराब हा मूळचा अरबी शब्द असून तो दोन-तीन डोलकाठ्यांच्या शिडाच्या जहाजाशी इतका जखडलेला आहे, की ‘रशियाची गुराब’ असे लिहिल्यास वाचक अठराव्या शतकात जाईल. वृत्तपत्रांनी ‘फ्रिगेट’ रुळवला आहे. तो राहू द्यावा.

मला अधिक खटकतो तो अशा तक्त्यांतला ‘वजन’ हा शब्द. टनांत दिलेला आकडा म्हणजे जहाज किती टन पाणी बाजूला सारते त्याचे माप असते. तो जहाजाच्या त्या वेळच्या भाराइतकाच भरतो हे खरे, पण इंधन, पाणी, दारूगोळा यांसह मोजला की रिकाम्या स्थितीत, यावर हजारो टनांचा फरक पडतो. इझुमोचा १९,५०० टन हा आकडा पूर्ण भाराचा नाही. त्याशेजारी दुसऱ्या देशाच्या जहाजाचा पूर्ण भाराचा आकडा मांडणे गैर आहे. ‘विस्थापन’ म्हटले की आपल्याला धरणग्रस्त आठवतात, म्हणून ‘जलविस्थापन’ लिहावे आणि शेजारी ‘पूर्ण भारासह’ असे स्पष्ट करावे.

आपल्या जवळचे उदाहरण घ्यायचे तर मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली आणि १८ डिसेंबर २०२२ रोजी, गोवा मुक्तिदिनाच्या आदल्या दिवशी, नौदलात दाखल झालेली ‘मुरगाव’ पाहावी. (मराठी वृत्तपत्रांनी तिचे ‘मोरमुगाओ’ का केले, हा वेगळ्या चर्चेचा विषय आहे.) भारतीय नौदल तिला विनाशिका म्हणते, जलविस्थापन सुमारे ७,४०० टन, लांबी १६३ मीटर, १६ ब्राह्मोस आणि हवाई संरक्षणाची ३२ बराक-८ क्षेपणास्त्रे. निलगिरी वर्गाच्या फ्रिगेटवर बराक-८ तितकीच आहेत, ब्राह्मोस मात्र आठ. एकाच नौदलातील या दोन शब्दांमधला फरक असा मोजून दाखवता येतो, कारण दोन्ही नावे ठरवणारा हात एकच आहे. देश बदलला की तो आधार सुटतो.

म्हणून मूळ प्रश्नापुरते सांगायचे तर ‘चीनची ०५५ वर्गाची विनाशिका’ असेच लिहावे, कारण नाव ठेवण्याचा अधिकार बांधणाऱ्याचा आहे. अमेरिकी अहवालाच्या आधारे लिहिणाऱ्याने ‘अमेरिकेच्या वर्गीकरणानुसार क्रूझर’ असे जोडावे. तक्ता करायचाच असेल तर वर्गनामाच्या पुढे जलविस्थापन आणि नळ्यांची संख्या असे दोन रकाने वाढवावेत.