हाताच्या शस्त्रक्रियेसाठी ब्लॉक देताना सोबत कोणते औषध मिसळावे? (मदत हवी आहे)

सप्रेम नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातील तीन-चार लहान रुग्णालयांत भूलतज्ज्ञ म्हणून जाते. हाताच्या शस्त्रक्रिया आमच्याकडे बऱ्याच असतात आणि त्या शक्यतो पूर्ण भूल न देता, फक्त हाताच्या नसांभोवती बधिर करणारे औषध देऊन (म्हणजेच ब्लॉक देऊन) करण्याकडे माझा कल असतो. अनुभवी मंडळींचे मत हवे आहे, ते एका रुग्णामुळे.

गेल्या महिन्यात तासगाव भागातील ५५ वर्षांचे एक शेतकरी कडबाकुट्टीत हात सापडल्याने आले. मनगटाच्या वरची दोन्ही हाडे मोडली होती. सोनोग्राफीवर पाहत कॉलर बोनच्या वरून ब्लॉक दिला. त्यात ०.५ टक्के बुपिव्हाकेन २० मिली आणि ॲड्रिनलिनयुक्त २ टक्के लिग्नोकेन १० मिली ही बधिर करणारी औषधे होती, बाकी काही मिसळले नव्हते. दुपारी साडेतीनला सुरू झालेली शस्त्रक्रिया सुरळीत पार पडली. संध्याकाळी भाकरी-आमटी खाताना ते म्हणाले, "मॅडम, हात माझा न्हाईच असं वाटतंया." रात्री दीडला सिस्टरांचा फोन आला. ब्लॉक उतरला होता आणि तो माणूस हात छातीशी धरून कॉटवर गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. संध्याकाळची पॅरासिटामॉलची गोळी त्यांच्या उशाशी कागदात तशीच होती, कारण तेव्हा दुखतच नव्हते. ती गोळी दुखणे सुरू होण्याआधी समोर उभे राहून द्यायला हवी होती, ही चूक माझीच आहे आणि आता मी तसे लेखी सांगून ठेवते. पण ब्लॉकच पहाटेपर्यंत टिकला असता तर, हा विचार काही मनातून जात नाही.

ब्लॉक जास्त टिकावा म्हणून मिसळायच्या औषधांत डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड मला सर्वांत सोयीचे वाटते. बुपिव्हाकेनसोबत ४ ते ८ मिलिग्रॅम दिल्यास परिणाम साधारण सहा ते आठ तासांनी वाढतो. मात्र तेच औषध शिरेतून दिले तरी बराचसा फायदा मिळतो, फरक थोडाच राहतो. मग नसेजवळ देण्याची परवानगी औषधाच्या माहितीपत्रकात नसताना आणि काही कुप्यांत परिरक्षक द्रव्ये असताना ते तिथेच का टाकावे, हा माझा पहिला प्रश्न आहे. शिवाय रोपिव्हाकेन या बधिर करणाऱ्या दुसऱ्या औषधात ते मिसळल्यावर स्फटिक तयार होतात, असे प्रयोगशाळेत दिसले आहे, त्यामुळे त्या जोडीपासून मी लांबच राहते. आमच्या निम्म्याहून अधिक वयस्कर रुग्णांना मधुमेह आहे, आणि ८ मिलिग्रॅमनंतर दुसऱ्या दिवशीपर्यंत साखर वर राहते, ही वेगळी काळजी. तुम्ही अशांना ४ मिलिग्रॅमवर भागवता का?

दुसरे औषध डेक्समेडेटोमिडीन, हे एरवी गुंगी आणण्यासाठी वापरतात. ५० मायक्रोग्रॅमच्या आसपास मिसळले की ब्लॉक लवकर बसतो आणि जास्त टिकतो, हे मान्य. पण नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो आणि रुग्ण गुंगीत राहतो. शस्त्रक्रियागृहात ते सांभाळता येते. आमच्या वॉर्डात मात्र रात्री एकच सिस्टर असतात आणि मॉनिटरही एकच, तोही अनेकदा दुसऱ्या खाटेला लावलेला असतो. अशा ठिकाणी हे औषध देणे कितपत योग्य आहे? त्याच गटातल्या क्लोनिडीनबद्दलही मला हीच शंका आहे. ब्युप्रेनॉर्फीन या अफूवर्गीय वेदनाशामकाने मळमळ व उलट्या होतात, म्हणून ते मी मागे ठेवले. मिडाझोलाम या गुंगीच्या औषधाच्या बाबतीत नसेला इजा होण्याची शक्यता दिसल्याने ते मी मिसळतच नाही.

सर्वांत मोठी अडचण वेगळीच आहे. कडबाकुट्टीत किंवा मळणीयंत्रात हात चेचला गेला असेल, तर स्नायूंमध्ये दाब वाढून कंपार्टमेंट सिंड्रोम होण्याची भीती असते आणि त्याची पहिली खूण म्हणजे न सोसवणारी कळ. ब्लॉक सकाळपर्यंत लांबवला तर ती कळच आपण झाकून टाकतो. अशा रुग्णांत मुद्दाम काहीच न मिसळता, थोडक्या वेळाचा ब्लॉक देऊन, उतरण्याआधी गोळ्या व इंजेक्शनने वेदना सांभाळावी, असे मला वाटू लागले आहे. त्या तासगावच्या रुग्णालाही हेच लागू होते, हे मला नंतर उमगले. तुमचे अस्थिशल्यविशारद याबाबत काय आग्रह धरतात?

येत्या गुरुवारी एका मधुमेही आजींच्या मनगटावर प्लेट बसवायची आहे. साधे पडून मोडलेले हाड आहे, चेचलेले नाही. ब्लॉक बुपिव्हाकेनचा द्यावा, डेक्सामेथासोन ४ मिलिग्रॅम वेगळे शिरेतून द्यावे आणि दर सहा तासांनी साखर पाहावी, असे मी ठरवले आहे. यात काही बदल सुचवायचा असेल, तर कृपया बुधवारपर्यंत कळवावे.