‘मजूरच ऐकत नाहीत’ म्हणणाऱ्या जिनिंग मालकाला उत्तर

रोलरमिस्त्री
काल ग्रुपवर एका मालकाची पोस्ट फिरली. गळ्यात मास्क लटकवलेल्या बायांचा फोटो, खाली ओळ: “आम्ही सगळं देतो, मजूरच ऐकत नाहीत. बोट गेलं की दोष मालकाला.” खाली ‘अगदी बरोबर’वाल्यांची रांग. रात्रभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून लिहितोय.

१९ हंगाम झाले, जिनिंगवर, म्हणजे कापसातली सरकी काढून रुई करणाऱ्या कारखान्यात, फिटर आहे. मोटरच्या पट्ट्यात हात जाऊ नये म्हणून लावलेली जाळी चार बोल्टांवर बसते. ओला कापूस आला की आत रुईचा गुंडाळा अडकतो. मग मोटर बंद करा, १३ नंबरचा पाना शोधा, चार बोल्ट काढा, साफ करा, परत चार बोल्ट. ठेकेदाराचे पैसे किती गाठी निघाल्या त्यावर, मशीन थांबलेलं त्याला परवडत नाही. त्यामुळे जाळी भिंतीवर, खिळ्याला. मालक रोज त्या खिळ्यासमोरून ऑफिसात जातो.

आमच्याकडे एका पोराची दोन बोटं गेली. मालक म्हणाला, जाळी त्यानंच काढली होती. पुढच्या हंगामात त्याच मालकानं जाळीला बिजागरी लावली आणि लिमिट स्विच बसवला. उघडली की मोटर बंद. वेल्डरचं अर्ध्या दिवसाचं काम. माणसं तीच, पण जाळी आता जागेवर असते. मग आधी ऐकत कोण नव्हतं?

गाठप्रेस
मालक आहे, म्हणून बोलतो. तो स्विच धुळीनं आठवड्यात जाम होतो, आणि तार जोडून बायपास करतो तो तुमच्यासारखा मिस्त्रीच. मी स्वतः पकडलाय. हंगाम चार-पाच महिन्यांचा, दरवर्षी नवी माणसं. शिकवायचं कोणाला आणि किती वेळा?

रोलरमिस्त्री
बायपास होतो, मान्य. मीही एकदा केलाय. रात्री दोन वाजता, बाहेर ट्रक उभा, आणि सुपरवायझर डोक्यावर उभा राहून ‘सकाळी बघू’ म्हणत होता. ती सकाळ आलीच नाही, हंगाम संपला.

कागदपत्रवाला
‘त्यानंच जाळी काढली’ हे वाक्य मालक उगाच म्हणत नाहीत. १९२३च्या कामगार भरपाई कायद्यात (नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा नव्या संहितेनं घेतली), कामगारानं सुरक्षेचं साधन जाणूनबुजून काढलं तर भरपाई नाकारता यायची. मात्र मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ही पळवाट बंद. एका हाताच्या दोन बोटांना तो कायदा कमाईच्या क्षमतेचं २० टक्के नुकसान धरायचा. आणि १९४८च्या ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) कायद्यातून कापूस जिनिंग ‘हंगामी कारखाना’ म्हणून बाहेरच ठेवलं गेलं. त्या पोराला आधार होता तो १९२३च्या कायद्याचाच, तोही ‘जाळी कोणी काढली’ यावर अडकला.

काळीमाती
जिनिंगचं काय घेऊन बसले? २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाच्या फवारणीनं वीसच्या वर माणसं गेली. तवाही हेच आयकलं, तोंडाले कपडा काहून नाई बांधला? पऱ्हाटी (कापसाचं झाड) डोक्याच्या वर, औषधाचा फवारा तोंडावर येते, अन् दोष मेलेल्याले!

गाठप्रेस
मग फवारणीला रोजानं माणूस लावणारा कोण? तुम्हीही मालकच. तुम्ही चष्मा-हातमोजे दिले होते?

काळीमाती
पाच एकरवाल्याले मालक म्हणता? २०२५-२६ ले लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलमागं ८११० लिहिला, व्यापाऱ्यानं किती देला ते इचारा! सरकारनं बाहेरच्या कापसाची ड्युटी काढली तवा कोणाचं पोट भरलं? चष्मे कोठून आणू?

गाठप्रेस
भाव मी ठरवत नाही. विषय बदलू नका.

काळीमाती
विषय माह्या घरचा हाये, तुम्ही मले शिकवू नका.

सुमनताई
मी सहसा लिहीत नाही. माझे मिस्टर दुसऱ्याच्या वावरात फवारायला जायचे. मालक चार एकरवालाच, चांगला माणूस. पंप वायसरपाशी (वॉशरपाशी) गळत होता. शर्ट पाठीला चिकटला तेव्हा यांनी सांगितलं. तो म्हणाला, एवढे दोन पंप मारून घे, मग बघू. घरी आले तर तोंडातून लाळ, नजर धूसर. नऊ दिवस दवाखान्यात होते. वाचले. पण वायसर दहा-वीस रुपयांचा असतो हो, त्याला कापसाचा भाव लागत नाही.

काळीमाती
ताई, तुमच्यापुढं बोलाले जागा नाई. माह्या पंपाचा वायसर दोन सालापासून बदलला नाई, हे खरं हाये. उद्याच्याले बदलतो. भावाचं जे बोललो ते मात्र मागं घेत नाई.

रोलरमिस्त्री
गाठप्रेस, मास्कचंही असंच आहे. दिलेला मास्क तासाभरात घामानं ओला होतो, श्वास घेता येत नाही. सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी छाती आवळते म्हणून बाया सांगतात, ते बहाणे नाहीत. कापसाच्या धुळीचा आजार कायद्यातल्या कामामुळे होणाऱ्या आजारांच्या यादीत आहे. आधी धूळ ओढणारा पंखा नीट करा, मग मास्कचे फोटो काढा.

गाठप्रेस
पंख्याचं इंजिनिअरला विचारतो. मास्क लावायलाच पाहिजे यावर मी ठाम आहे. तुमचं वाचून आत्ता शेडमध्ये चक्कर मारून आलो. आठ जाळ्यांपैकी तीन खिळ्यावर होत्या. त्या बिजागरीचा फोटो टाका.