दगडी सभामंडप, कीर्तन आणि फीडबॅक रोखणारा प्रोसेसर

प्रश्न
नमस्कार. कोल्हापुरात शिवाजी पेठेतील एका जुन्या देवळाच्या दगडी सभामंडपात एकादशीच्या कीर्तनाची ध्वनिव्यवस्था मी पाहतो. बुवांना कॉलर माईक, पेटी व मृदंगाला एकेक आणि टाळकऱ्यांसमोर दोन, असे पाच माईक एकाच वेळी चालू असतात. शिट्टी थांबावी म्हणून, फीडबॅक (स्पीकरचा आवाज माईकमध्ये परत शिरून शिट्टी वाजणे) आपोआप शोधणारा डिजिटल प्रोसेसर मुख्य आउटपुटवर बसवला. शिट्टी थांबली खरी. परंतु अर्ध्या तासात बुवांचा आवाज रांजणातून आल्यासारखा पोकळ होतो आणि पेटीवाल्यांनी षड्ज धरून ठेवला की तो दोन-तीन सेकंदांत पातळ होतो. दोष यंत्रात आहे की माझ्या मांडणीत?

उत्तर १
यंत्र त्याचे काम चोख करत आहे, पण त्याला चुकीच्या जागी बसवले आहे. स्पीकरचा आवाज माईकमध्ये परतताना एखाद्या फ्रिक्वेन्सीला मूळ आवाजाइतका किंवा अधिक असेल आणि त्याच फेजमध्ये (लाटेला लाट जुळून) येत असेल, तर तो फेरीगणिक वाढत जातो. प्रोसेसर अशी एकटी, टिकून राहणारी फ्रिक्वेन्सी शोधून तिच्यावर नॉच फिल्टर (तेवढाच अरुंद पट्टा कापणारा फिल्टर) लावतो. धरून ठेवलेला षड्जही त्याला पुष्कळदा तसाच दिसतो. त्यातच खालच्या सुरांत त्याची नजर अधू असते. सेकंदाला 48 हजार नमुने घेऊन तो एका वेळी 4096 नमुन्यांचा तुकडा तपासत असेल, तर 85 मिलिसेकंद ऐकूनही त्याचे एक घर सुमारे 11.7 हर्ट्झचे असते, म्हणजे त्याहून जवळचे सूर त्याला वेगळे दिसत नाहीत. काळी एक (139 हर्ट्झ) आणि शेजारची पांढरी दोन (147) यांत तर 8 हर्ट्झचेच अंतर आहे.

म्हणून पेटी व मृदंग यांना प्रोसेसरमधून वगळा आणि तो केवळ बुवांच्या चॅनेलवर इन्सर्ट करा (मिक्सरच्या त्या एकाच चॅनेलमध्ये जोडा). कीर्तनापूर्वी सर्व माईक उघडे ठेवून फेडर (पातळीची सरकपट्टी) सावकाश वर न्या, सापडलेले पाच-सहा अरुंद फिल्टर कायम करा आणि मग पातळी 6 डेसिबल खाली आणा. कार्यक्रमात आपोआप लागणारे फिल्टर दोनहून अधिक ठेवू नका. आवाज पोकळ होतो तो तेच साचत गेल्यामुळे.

उत्तर २
काही यंत्रांत फ्रिक्वेन्सी शिफ्टची सोय असते. ध्वनिशास्त्रज्ञ मॅनफ्रेड श्रोडर यांनी 1960च्या दशकात ही पद्धत मांडली. संपूर्ण आवाज 5 हर्ट्झने सरकवला की प्रत्येक फेरीत फ्रिक्वेन्सी बदलते आणि शिट्टीला पाय रोवता येत नाही. प्रवचनाला ती उत्तम आहे. कीर्तनात मात्र वापरू नका, कारण पुढच्या रांगेला पेटीचा थेट सूर आणि स्पीकरचा सूर एकत्र ऐकू येऊन सेकंदाला पाच आंदोलने जाणवतात. पेटीवाले तुम्हालाच पेटी बेसूर केल्याचा बोल लावतील.

उत्तर ३
डीएसपी (डिजिटल प्रोसेसर) नंतर, आधी खांब आणि स्पीकर कुठे आहेत ते पाहावे. स्पीकर बुवांच्या मागे किंवा बाजूला असतील, तर कोणताही फिल्टर पुरा पडणार नाही. उघडे माईक दुप्पट झाले की शिट्टी होण्याआधी आवाज वाढवण्याचा साधारण 3 डेसिबल वाव जातो, म्हणजे पाच माईकांत 7 डेसिबल गेलेच. छातीवरचा माईक तोंडापासून 20 सेंटीमीटरवर असतो. तोच गालाजवळ 5 सेंटीमीटरवर आणला, तर सुमारे 12 डेसिबल परत मिळतात.

प्रश्नकर्ता
स्पीकर पहिल्या खांबांच्या पुढे नेले, प्रोसेसर फक्त बुवांच्या चॅनेलवर ठेवला आणि टाळांचा एक माईक काढला. तपासणीत तीनच फिल्टर लागले आणि षड्ज आता शेवटपर्यंत टिकतो. गालाजवळचा माईक लावायला बुवा अजून तयार नाहीत, आणि ज्यांच्या समोरचा माईक गेला ते दोन टाळकरी माझ्याशी बोलत नाहीत.