गोधडीचा स्प्रे आणि चिकट सुई

गोधडीचे थर स्प्रेने चिकटवले की मशीनची सुई चिकट होते आणि टाके सुटतात, त्यावर काय करावं, असा प्रश्न आहे. सुई बदलून तेवढ्यापुरतं भागेल, पण खरं दुखणं बहुतेक वेळा गोंद जास्त किंवा ओला असण्यात असतं. स्प्रे वीतभर अंतरावरून, बॅटिंगवर (म्हणजे गोधडीच्या मधल्या मऊ थरावर), हलका एकच हात मारा आणि रात्रभर पसरून ठेवा. घाई अजिबात करू नका. स्प्रे कापडासाठीचा, तात्पुरता चिकटणाराच हवा. फोम-रेक्झिनला मारतात तो नको, तो कायमचा बसतो.

सुईचं नेढं उजेडात बघा. त्यात आणि वरच्या खोबणीत चिकट कण साचलेले दिसतील. तिथेच धागा अडतो, पिंजतो, तुटतो. मशीन बंद करून, सर्जिकल स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने सुई पुसा, कोरडी झाली की मगच शिवा. ९०/१४ नंबरची सुई घेतली तर नेढं मोठं मिळतं. वेगही कमीच ठेवा, भरधाव सुई तापते आणि गोंद मऊ होऊन तिलाच बसतो.

हाताने शिवणार असाल तर माझं स्पष्ट मत, स्प्रे नकोच. मधोमध सुरुवात करून कडेकडे कच्चे टाके घालत जा. जुन्या लुगड्यांच्या गोधडीला तेवढं पुरतं.