अनुभव धागा: आवडत्या कॉमिकवर सिनेमा येणार म्हणून वाट बघितली, आणि मग...

टिळकवाडीकर
माळा झाडताना वेताळाची, म्हणजे फँटमची, इंद्रजाल कॉमिक्स हाताला लागली. मराठीतली. मुखपृष्ठं सुटलीत, आतलं डेंकालीचं जंगल मात्र जसंच्या तसं. शेजारी मुलगा फोनवर 'अ‍ॅव्हेंजर्स: डूम्सडे' सिनेमाचं काहीतरी वाचत बसलेला. १८ डिसेंबर २०२६ ही तारीख त्याला पाठ आहे. राग एकाच गोष्टीचा. रॉबर्ट डाउनी ज्युनिअर २०१९ ला आयर्न मॅन म्हणून मेला, आम्ही घरचे सगळे रडलो, आणि आता तोच माणूस खलनायक डॉक्टर डूम होऊन येणार. "बाबा, असं कसं करू शकतात हे लोक?"

मी त्याला वेताळाचं सांगितलं. इंद्रजाल १९६४ ला सुरू झालं. मूळ कॉमिकमधल्या देशाचं नाव बंगालसारखं वाटायचं म्हणून इथं त्याचं डेंकाली केलं. सिंग चाचे होते, ते सिंगा झाले. ली फॉकनं १९३६ ला आणलेला वेताळ वेगळा आणि आम्ही सुट्टीत पालथं पडून वाचला तो वेगळा. जीव लावला तो बदललेल्यावरच. म्हणून कुणी काही बदललं की लगेच 'वाट लावली' म्हणणं मला पटत नाही. करणाऱ्याला मोकळीक पाहिजेच. पण एक हद्द आहे. बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून पहिल्या वेताळानं शपथ घेतली. बाकी काय ते बदला, ती शपथ काढली तर उरतो तो नुसता घट्ट कपड्यातला माणूस.

तुमचे अनुभव लिहा. हॉलीवूडच पाहिजे असं नाही.

शहापूर_पेठ
ती कॉमिक्स द्यायची हायत काय? बघून सांगा किती ते.

टिळकवाडीकर
नाही हो, द्यायची नाहीत. वाचायला घरी या.

उद्यमबाग
स्पायडरमॅन, २००२. मनगटातनंच जाळं बाहेर यायलंय बघून थेटरात माझं तोंड उतरलं. १९६२ च्या पहिल्या गोष्टीपासनं कॉमिकमध्ये पीटर पार्कर, म्हणजे स्पायडरमॅन, जाळं सोडायचं यंत्र स्वतः करतो. आतलं रसायन पण स्वतः. मी तेव्हा आयटीआय करून नुकताच लेथवर उभा राहिलेला. आमच्या शॉपमध्ये हायड्रॉलिकचे पार्ट, मायक्रॉनमध्ये काम. मला तो पोरगा का आवडायचा, तर पैसा नाही, बाप नाही, पण हातात काम आहे. टिचभर खोलीत वस्तू करतो, ऐन मारामारीत जाळं संपतं, घरी येऊन परत दुरुस्त करत बसतो. हे आमचंच की. दिग्दर्शक सॅम रायमीनं ते काढून टाकलं आणि कोळी चावल्यावर सगळं अंगातनंच दिलं. शाळकरी पोरानं असलं यंत्र करणं लोकांना पटायचं नाही म्हणे. बेळगावच्या उद्यमबागेत या, आमची अप्रेंटिस पोरं काय काय करतात दाखवतो.

मग २००४ ला दुसरा भाग आला. त्यात तो मनानं खचतो आणि जाळंच येईनासं होतं. इमारतीवरनं खाली पडतो. त्या दिवशी मला दिग्दर्शक कळला. मनगटावर यंत्र असतं तर बिघाड यंत्राचा झाला असता, माणसाचा नाही. ही गोष्ट सांगायची तर ते अंगातच पाहिजे होतं. पुढं रेल्वे अडवून बेशुद्ध पडतो आणि डब्यातली माणसं त्याला हातावर उचलून आत घेतात. शेजारचे काका उठून उभे राहिलेले, अजून आठवतंय.

२०१२ पासनं यंत्र परत आलं. नंतरच्या टॉम हॉलंडच्या स्पायडरमॅनला पण आहे. आनंद झाला. तरी सगळ्यात जास्त वेळा बघितलेला २००४ चाच. शिफ्टची वेळ झाली, जातो.

कॅम्पातली
@उद्यमबाग काय लिवलंय दादा! आज रात्री दुसरा भाग परत बघणार.

खानापूर_रोड
शक्तिमान!! १९९७. आमच्या गल्लीत दोनच टीव्ही, त्यातला एक मावशीचा. दुपारी लाईट गेली की पोरं रडायची. गंगाधरचं ते लांबलचक नाव एका दमात म्हणायच्या शर्यती लागायच्या. २०२२ ला सिनेमाची घोषणा झाली, तेव्हापासनं वाट बघायलोय. कोण करणार यावर मुकेश खन्ना बोलायलेत, लोक भांडायलेत. मला वाटतं कुणीपण करू दे, पण शेवटी 'छोटी छोटी मगर मोटी बातें' सारखं पोरांशी बोलायचं ते राहू दे. तेवढं ऐकून आम्ही दात घासत होतो.

आक्का_वडगाव
मी जास्त कॉमिक वाचलेली नाही. पोरांमुळं सिनेमे बघते. ब्लॅक पँथर राजा झालेला नट चॅडविक बोसमन ऑगस्ट २०२० ला गेला. आमचा दादा पण त्याच वर्षी गेला. त्यानंतर ब्लॅक पँथरसाठी दुसरा नट घ्या म्हणून काही चाहत्यांनी मोहीम चालवलेली. मुलगापण म्हणायचा, आई राजा पाहिजेच, कॉमिकमध्ये आहे. दिग्दर्शक रायन कूगलरनं नाही घेतला. २०२२ ला दुसरा भाग बघायला गेलो. सुरुवातीलाच बहीण प्रयोगशाळेत औषध करायसाठी धडपडतीये, आणि तिला सांगायला येतात, भाऊ गेला म्हणून. मग सगळे पांढऱ्या कपड्यात. मला तिथं बसवेना. पण उठलेपण नाही. दुसरा माणूस आणून उभा केला असता तर मला राग आला असता बघा. ज्यांना राजा पाहिजे होता त्यांचं चूक नाही. पण करणाऱ्यांचा माणूस गेलेला. त्यांनी त्यांच्या दुःखाला धरून केलं.

टिळकवाडीकर
आक्का, वाचून गप्प झालो. दादांना नमस्कार.

कॅम्पातली
आक्का 🙏 जेवलीस काय ग?

आक्का_वडगाव
होय ग, भाकरी झाली आत्ताच. तू ये की एकदा, आईला घेऊन.

गोगटे_सर्कल
चाहत्यांच्या हातात सगळं दिलं तर काय होतं त्याचा दाखला. १९८८, बॅटमॅनचं कॉमिक. बॅटमॅनचा जोडीदार, दुसरा रॉबिन जेसन टॉड मरणार की वाचणार हे वाचकांनी फोन करून ठरवायचं होतं. मारा म्हणणारे ५,३४३, वाचवा म्हणणारे ५,२७१. ७२ फोनांनी पोरगं मेलं. मी हे कॉलेजात असताना वाचलं आणि त्या दिवसापासनं 'आमचं ऐका' म्हणून ओरडणाऱ्यांत मी नाही. वाट बघणं वेगळं, मतदान वेगळं. १९८९ च्या सिनेमाला मायकल कीटन नको म्हणून हजारो पत्रं गेलेली. दिग्दर्शक टिम बर्टननं ऐकलं असतं तर तो बॅटमॅन मिळाला असता का? हीथ लेजरचंही तेच, जोकर म्हणून बऱ्याच चाहत्यांना नको होता.

निपाणीची_सून
दुसरी बाजू पण सांगते. चिंटू! माहेरी कोल्हापूरला 'सकाळ' आला की पहिल्यांदा चिंटू, मग बाकीचा पेपर. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा, १९९१ पासनंचा. २०१२ ला सिनेमा येणार कळलं तेव्हा मी निपाणीला, पोर कडेवर. मनात एकच धास्ती, चार चौकटीतला पोरगा, डोक्यावर मोजून तीन केस, तो खराखुरा मुलगा झाल्यावर कसा दिसणार? गेले, बघितला. पहिली दहा मिनिटं तो चिंटू वाटेना. मग पोरं भांडायला लागली आणि झाला तो चिंटू. तीन केस नसले तरी खोडी तीच. माझ्यापुरतं एवढं पुरे होतं.

फास्टर फेणेला (२०१७) मात्र आमच्या ह्यांना जमलं नाही. शाळकरी फुरसुंगीचा बन्या, तो एकदम मोठा तरणाबांड! अमेय वाघचं काम आवडलं, पण ह्यांचं म्हणणं, माझ्या वयाचा होता तो, मला सोडून कसा मोठा झाला. यावर मी काय बोलणार.

खानापूर_रोड
वहिनी, दादांचं बरोबर आहे 😄

कॅम्पातली
सुपरमॅन २०२५ कुणी बघितला नाही काय? २०१३ वाल्यानं लाल चड्डी काढलेली, जेम्स गननं परत आणली, वर क्रिप्टो कुत्रं. मी कुत्र्यासाठी गेले आणि सुपरमॅनसाठी रडले. शेवटी तो म्हणतो ना, मी पण माणूसच आहे, मलापण भीती वाटते, तिथं. २०१३ च्या सिनेमात शेवटी त्याला शत्रूची मान मोडून मारायला लावलं, ते मला अजून सोसत नाही. टिळकवाडीकर दादा म्हणायलेत ती हद्द, माझ्यासाठी तीच. सुपरमॅन वाचवतो. मारून मोकळा होत नाही.
आणि इथं दाखवताना सेन्सॉरनं ३३ सेकंदांचं चुंबन कापलं. दिग्दर्शकाची मोकळीक म्हणताना हेपण मोजा. मध्येच काहीतरी तुटल्यासारखं झालं, आजूबाजूचे विचारायलेत 'काय झालं, काय झालं'.

चिकोडी_कडचा
आमच्या पोराचा वेगळाच घोळ. शाळा कन्नड, घर मराठी, स्पायडरमॅन हिंदी. २०२३ ला अ‍ॅनिमेशनवाला 'अ‍ॅक्रॉस द स्पायडर-व्हर्स' दहा भाषांत आला, त्यात मराठीपण आणि कन्नडपण. फोनवर मराठी ट्रेलर लावला तर पोरगं उडालं, "पप्पा, हा आपल्यासारखं बोलतोय!" त्यातला भारतीय स्पायडरमॅन पवित्र प्रभाकर २००४ च्या भारतीय कॉमिकमधला. तिथं त्याला शक्ती एका योग्याकडनं मिळते, गरीब गावाकडचा पोरगा. सिनेमात एकदम चकचकीत शहरातला, केसांची काळजी करणारा, सगळं सोपं जाणारा. मला गावचाच आवडला असता. पोराला शहरातलाच आवडला. थेटरात शेवटी हिंदीतच बघितला, आमच्या सोयीच्या वेळेला मराठी शो मिळाला नाही. तसला मराठी हिरो पडद्यावर बघायची त्याची वाट अजून संपलेली नाही.

शहापूर_पेठ
मग डिसेंबरात सगळे मिळून जाऊया काय? डूम्सडे.

टिळकवाडीकर
मुलगा राग धरून बसलाय, पण पहिल्या दिवशीच जाणार म्हणतोय. आम्ही दोघं धरा.

निपाणीची_सून
आम्हाला कोल्हापूर जवळ पडतं की ओ. पण येऊ, आक्का येणार असतील तर.

आक्का_वडगाव
येते. रात्रीचा शो नको तेवढं बघा, गुडघा धरतोय.

उद्यमबाग
शिफ्ट सुटली. सकाळचा शो बघू. हिंदी का इंग्रजी ते आधी ठरवा, मग तिकिटं मी काढतो.