भंगारातली येझदी रोडकिंग, पांढरा धूर थांबेना

मंडळी, भंगारातून रोडकिंगची (येझदीची जुनी मोटरसायकल) चेसिस, म्हणजे सांगाडा मिळाला, अर्धं इंजिन पुण्याच्या जुन्या बाजारातून, जुन्या मोटोक्रॉस (मातीच्या ट्रॅकवर उड्या मारत होणारी शर्यत) गाडीसारखी उभी करायचीये पण किक मारली की पांढरा धूर इतका की शेजारचे काका धावत खाली आले. पिस्टनच्या रिंगा बदलल्या, फरक शून्य. काय करू?

— रिंगांचा दोष नाय भाऊ. टू-स्ट्रोक आहे, क्लचकडचं क्रँक सील (क्रँकशाफ्टभोवतीची रबरी रिंग) गेलं की इंजिन गिअरबॉक्सचं तेल ओढून जाळतं. तेल कमी होतंय का बघ.

— दुसऱ्या बाजूचं सीलही बदल, तिथून हवा ओढली की मिश्रण लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) होऊन पिस्टन जाम. आणि रंगाआधी चेसिसचे वेल्ड तपास, उड्या मारणार ना!

— बघितलं, पाव लिटर तेल गायब! आजच सील शोधतो.