गियोम द माशो म्हणजे फक्त 'मेस' का?

विरलेप्रेमी: चौदाव्या शतकातल्या या फ्रेंच रचनाकाराचं नाव निघालं की सगळे थेट 'मेस द नोत्र दाम'वर जातात. मेस म्हणजे कॅथलिक चर्चमधली मुख्य उपासना; तिचे ठरलेले सगळे भाग एकाच ज्ञात माणसाने बांधल्याचं ते पहिलं उदाहरण, म्हणून. त्याने मेस लिहिली एकच. आणि ठरावीक साच्यांतली गाणी? बालाद ४२, विरले ३३, राँदो २२! शब्द त्याचे, चालही त्याचीच. 'दूस दाम जोली' ऐका, एकट्या आवाजाचं गाणं, कसलीही साथ नको. माझ्या मते माशो आधी प्रेमकवी, बाकी सगळं नंतर.

चौथा आवाज: साफ असहमत. 'पहिलं' बाजूला ठेवा आणि मेस नुसती ऐका. ग्लोरिया या तिच्या भागात चारही आवाज अक्षराला अक्षर जुळवत धावतात, आणि 'जेसू क्रिस्ते' हे येशूचं नाव येताच लांब, स्थिर स्वरांवर थबकतात. क्रेदो या भागात येशूची आई मारिया हिच्या नावाशी पुन्हा तेच. अंगावर काटा येतो. त्याआधीची तुर्ने शहराची मेस म्हणजे वेगवेगळ्या काळांतल्या तुकड्यांची जुळणी.

विरलेप्रेमी: कारागिरी गाण्यांतही तेवढीच आहे. 'माझा शेवट हीच माझी सुरुवात' हा राँदो घ्या. एक आवाज दुसऱ्याची ओळ उलटी गातो, तिसरा मध्यावर पोचून आपल्याच वाटेने मागे फिरतो. शब्द जे सांगतात तेच स्वर करून दाखवतात.

चौथा आवाज: पण माशो फ्रान्समधल्या रँस शहराच्या कॅथेड्रलचा कॅनन, म्हणजे तिथला एक धर्माधिकारी होता. तो आणि त्याचा भाऊ जाँ यांच्या स्मरणार्थ तिथे दर शनिवारी मारियेची मेस व्हायची, आणि ती हीच असावी असं अनेक अभ्यासक मानतात. मरणानंतरची प्रार्थना ज्या रचनेवर सोपवली, ती 'बाकी सगळं'मध्ये टाकायची?

जुनी पोथी: तुम्ही दोघंही त्याचे दोन तुकडे करताय. 'व्वार दी' या त्याच्या दीर्घकाव्यातल्या एका पत्रात तो बजावतो की माझी बालाद आहे तशीच गा, काही घालू नका, काही काढू नका. एका हस्तलिखिताच्या सूचीवर तर नोंदच आहे: माशोला आपल्या पुस्तकात हवा असलेला क्रम. त्या पुस्तकात मेस आणि प्रेमगीतं एकत्र आहेत.

विरलेप्रेमी: तरी १३७७मध्ये तो गेला तेव्हा कवी एस्ताश देशाँने शोकगीतात स्त्रियांना आणि सरदारांना रडायला सांगितलं, ते काव्यकलेच्या गुरूसाठी. मेसचा त्यात उल्लेख नाही.

जुनी पोथी: खरं आहे. आणि तेच शोकगीत आंद्रिय नावाच्या रचनाकाराने चार आवाजांत बांधलं.